सलाईनच्या सुईची सूज कमी करण्याचा प्रकल्प: मोजायचं काय, बदलायचं काय?

क्वालिटी_सोलापूर (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या गुणवत्ता समितीसाठी आराखडा करतेय. विषय अगदी रोजचा आहे: हाताला लावलेल्या सलाईनच्या सुईमुळे शिरेला येणारी सूज, म्हणजे फ्लेबायटिस. मेडिसिन आणि सर्जरी असे दोन वॉर्ड, मुदत सहा महिने. कच्चा आराखडा असा: दर ७२ तासांनी सरसकट सुई बदलायची, सगळ्यांना पारदर्शक ड्रेसिंग, सिस्टर लोकांचं एक दिवसाचं ट्रेनिंग, मग आधीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना यांची तुलना. एमडीच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंधही यावरच बसवायचा विचार आहे.

आराखडा खुशाल फाडा, पण फाडताना कारण सांगा.

अतिदक्षता_४१३

सुरुवात ७२ तासांपासून करतो. ते खोडा.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर झालेली चाचणी २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाची सुई दर तिसऱ्या दिवशी बदलली, दुसऱ्या गटाची फक्त कारण दिसलं तरच. फ्लेबायटिस दोन्हीकडे ७ टक्के. म्हणजे सरसकट बदलण्यात पेशंटला एक टोचणी जास्त, वॉर्डाला एक सुई जास्त, आणि हाती काही नाही.

पण एवढी एकच चाचणी धरून थांबू नका. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात ९६ तासांची मुदत काढून 'कारण दिसलं तर बदला' असं धोरण आणलं, तेव्हा या सुयांमुळे होणारे रक्तातले जंतुसंसर्ग वाढलेले दिसले; जुनं धोरण परत आणल्यावर ते उतरले. हा अभ्यास २०२१ चा. मुदत काढायची तर तिच्या जागी दर पाळीला डोळ्यांनी बघणं आणि बोटांनी चाचपणं आलंच. तेवढी माणसं आणि तेवढी शिस्त नसेल त्या वॉर्डात मुदत ठेवलेली बरी.

एक अपवाद मात्र पक्का: गडबडीत लावलेली सुई. तातडीच्या वेळी निर्जंतुक पद्धत पाळल्याची खात्री नसेल तर ती लवकरात लवकर, ४८ तासांच्या आत बदलावी असं सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, २०११ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे अक्कलकोट, मंगळवेढा, पलीकडून इंडी, अशा ठिकाणांहून पेशंट सुई लावूनच येतो. कुणी लावली, कधी लावली, काही पत्ता नसतो. अशा सुईवर 'बाहेरची' असं लिहायचं आणि पेशंट स्थिरावला की दुसऱ्या हाताला नवी लावून ती काढायची. तक्त्यातही बाहेरच्या सुया वेगळ्या मोजा, नाहीतर दुसऱ्याचं पाप तुमच्या वॉर्डाच्या नावावर पडेल.

आकडेमोड

आधीचा महिना विरुद्ध नंतरचा महिना ही तुलना जवळजवळ निरुपयोगी आहे. एप्रिलची जूनशी तुलना केलीत तर तुम्ही घाम मोजाल, सुधारणा नव्हे. शिवाय माणूस प्रकल्प हाती घेतो तो बहुधा एखादा महिना फार वाईट गेल्यावरच. पुढचा महिना काहीही न करता जरा बरा जातो, आणि श्रेय ट्रेनिंगला मिळतं.

त्याऐवजी आठवड्याला एक बिंदू मांडा. काहीही बदलायच्या आधी निदान १०-१२ आठवडे नुसतं मोजा, त्यांचा मध्यक काढून आडवी रेघ मारा आणि मग पहिला बदल करा. रेघेच्या एकाच बाजूला सलग ६ किंवा जास्त बिंदू पडले, किंवा सलग ५ किंवा जास्त बिंदू चढत वा उतरत गेले, तर काहीतरी खरंच हललं असं धरायचं. रेघेवरच पडलेला बिंदू मोजायचा नाही. याला सॉफ्टवेअर लागत नाही, आलेखाचा कागद पुरतो.

आता छेद, म्हणजे सुजलेल्या जागांना भागायचं कशाने. इथेच बहुतेक प्रकल्प घसरतात. समजा आठवड्यात ६० सुया लागल्या, त्यातल्या १२ जागा सुजल्या आणि सगळ्या सुयांचे मिळून १५० सुई-दिवस (एक सुई एक दिवस राहिली की एक सुई-दिवस) झाले. दर १०० सुयांमागे २०, दर १,००० सुई-दिवसांमागे ८०. आता तुम्ही विनाकारण राहिलेल्या सुया लवकर काढायला लागलात. समजा पुढे त्याच ६० सुया, १०० सुई-दिवस आणि ९ सुजलेल्या जागा. पेशंटच्या दृष्टीने १२ चे ९ झाले, शंभरामागे २० चे १५. पण दर हजार सुई-दिवसांमागे पाहाल तर ८० चे ९० झाले! ज्या सुया काढल्या त्या कमी धोक्याच्या होत्या, उरलेल्या जास्त धोक्याच्या, म्हणून. फक्त हजारी दर समितीपुढे ठेवलात तर चांगलं काम बंद पाडतील. दोन्ही दर शेजारी शेजारी मांडा, खाली सुई-दिवसांची एकूण बेरीज द्या.

आणखी एक. 'दर मंगळवारी वॉर्डात फिरून जेवढ्या सुया दिसतील तेवढ्या बघू' ही सोय सोपी आहे, पण त्यात जास्त दिवस राहिलेल्या सुयाच जास्त सापडतात. सकाळी लागून संध्याकाळी निघालेल्या सापडतच नाहीत. प्रक्रिया तपासायला, म्हणजे तारीख लिहिली आहे का, ड्रेसिंग सुटलंय का हे बघायला मंगळवारची फेरी उत्तम. सुजेचा दर काढायला नको. त्यासाठी सुई लागल्यापासून निघेपर्यंत प्रत्येकीची नोंद हवी.

शंकासुर

एवढ्याशा सुजेसाठी एवढा खटाटोप? थोडं शेकलं, मलम चोळलं की दोन दिवसांत उतरते की ओ. त्यापेक्षा ऑपरेशननंतरचे संसर्ग वगैरे मोठा विषय घ्या ना.

अतिदक्षता_४१३

@शंकासुर, सूज उतरते, शीर मात्र जाते. मधुमेही किंवा डायलिसिसकडे निघालेल्या पेशंटची एकेक शीर मोलाची असते. सुई निकामी झाली की प्रतिजैविकाचा डोस लांबतो, नवी सुई मिळेपर्यंत दोन-तीन टोचण्या होतात. आणि सुजलेल्या जागेतून स्टॅफिलोकॉकस हा जंतू रक्तात गेला तर मुक्काम आठवड्यांनी वाढतो. पहिल्या प्रकल्पाला रोज घडणारी गोष्टच घ्यावी. महिन्याला एखादा संसर्ग होणारा विषय घेतलात तर आलेखात वर्षभर काही कळणार नाही.

सिस्टर_सात_रस्ता

एक दिवसाच्या ट्रेनिंगने काही होत नाही, हे आधीच सांगते. काय चुकतं हे सगळ्यांना माहीत असतं. ट्रेवर काय आहे आणि हाताशी वेळ किती आहे, त्यावर ठरतं. म्हणून ट्रे बदला.

सुईची जाडी: नुसत्या सलाईनला आणि प्रतिजैविकाला मोठ्या माणसाला २२ नंबरची निळी किंवा २० ची गुलाबी पुरते. १८ ची हिरवी ऑपरेशन, मोठा रक्तस्राव, झपाट्याने द्यायचं रक्त यासाठी. ट्रेमध्ये हिरव्याच जास्त असतील तर हिरवीच लागणार, हे गृहीत धरा. बारीक शिरेत जाड सुई बसवली की भिंतीला सतत घासते आणि औषधाभोवती रक्त खेळायला जागाच राहत नाही.

जागा: कोपर ते मनगट यांमधला सपाट भाग. कोपराचा खळगा आणि मनगट टाळायचं, कारण हात वाकला की सुई आत हलते. शक्यतो पेशंटचा जेवायचा हात सोडून.

कातडी: ७० टक्के अल्कोहोलमध्ये २ टक्के क्लोरहेक्सिडिन, ३० सेकंद घासायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. फुंकर मारायची नाही. पुसल्यावर शीर पुन्हा चाचपायची नाही. चाचपली तर पुन्हा पुसायचं. स्टीलच्या डब्यात सकाळी भिजवून ठेवलेला स्पिरिटचा कापूस बंद करा. त्या डब्यात दिवसभर किती हात जातात ते मोजा एकदा. हात आवळायला हातमोजा फाडून केलेली पट्टीसुद्धा बंद. आवळपट्टी प्रत्येक पेशंटला वेगळी, निदान पुसण्याजोगी तरी असावी.

चिकटवणं: इथे सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, जनरल वॉर्डात पंखे, हात घामाने ओला. पारदर्शक ड्रेसिंग ओल्या कातडीवर लावलं की दुपारपर्यंत कडा उचलतात, मग वरून चिकटपट्टीचे चार वेढे बसतात आणि सुईची जागा दिसेनाशी होते. ड्रेसिंग पारदर्शक असण्याचा फायदा तिथेच संपला. कातडी निर्जंतुक गॉजने कोरडी करा, ड्रेसिंग न ताणता मधून कडेकडे दाबत लावा, नळीचा एक वळसा घेऊन तो वेगळ्या पट्टीने ड्रेसिंगच्या बाहेर चिकटवा, म्हणजे ओढ सुईवर येत नाही. पारदर्शक परवडत नसेल तर निर्जंतुक गॉज आणि पट्टी चालते, पण मग रोज उघडून बघावं लागेल. तारीख, वेळ, नंबर आणि सही ड्रेसिंगसोबतच्या पट्टीवर चिकटवायच्या आधी लिहायची. पेशंटच्या हातावर दाबून लिहिलं की सुई हललीच.

एकीने दोनदाच प्रयत्न करायचा, तिसरी वेळ आली की वरिष्ठ सिस्टरला किंवा भूलतज्ज्ञांना बोलवायचं. हे लेखी करा, म्हणजे बोलवायला कुणी लाजणार नाही.

औषधी_कट्टा

ताईंनी यांत्रिक बाजू सांगितली, मी रासायनिक सांगतो. कितीही छान बसवलेली सुई चुकीच्या औषधाने काही तासांत सुजते, आणि दोष सिस्टरला मिळतो.

हाताच्या शिरेला साधारण ६०० मिलिऑस्मोल प्रति लिटरपर्यंतचं द्रव सोसतं (द्रवात किती कण विरघळलेत त्याचं हे माप). नॉर्मल सलाईन ३०८. २० टक्के मॅनिटॉल ११०० च्या आसपास, ३ टक्के सलाईन १०२७, २५ टक्के डेक्स्ट्रोज १२०० च्या वर. हे तातडीत हाताच्या शिरेतून द्यावं लागतं, पण दिल्यावर ती जागा 'लक्ष ठेवा' या यादीत गेली पाहिजे.

पोटॅशियम क्लोराइड: आपल्याकडचं १५ टक्क्यांचं १० मिली अँप्यूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. ५०० मिलीच्या बाटलीत एक अँप्यूल घातलं की प्रमाण लिटरला ४० झालं. हाताच्या शिरेला ही मर्यादा धरा, आणि वेग तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नको. सगळ्यात धोकादायक सवय म्हणजे स्टँडला टांगलेल्या, चालू बाटलीत अँप्यूल सोडणं. पोटॅशियम जड असतं, तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत एकवटून शिरेत जातं. बाटली उतरवा, नळी बंद करा, औषध घाला, चांगली आठ-दहा वेळा उलटीपालटी करा, मग टांगा.

व्हँकोमायसिन ५ मिग्रॅ प्रति मिलीपेक्षा घट्ट नको आणि मिनिटाला १० मिग्रॅपेक्षा वेगाने नको. १ ग्रॅम म्हणजे निदान २०० मिलीत, १०० मिनिटं. १०० मिलीच्या बाटलीत अर्ध्या तासात उरकलं तर शीरही जाते आणि पेशंट लालबुंद होतो तो वेगळाच. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमधून. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे खडे होतात.

फ्लश, म्हणजे सुई सलाईनने धुऊन काढणं. औषधाआधी, दोन औषधांच्या मधे आणि शेवटी, मोठ्या माणसाला ५ मिली नॉर्मल सलाईन, १० मिलीच्या सिरिंजने, थांबत थांबत ढकलून. हे सलाईन येतं कुठून ते बघा. सकाळी उघडलेली १०० मिलीची बाटली, तिच्यात खोचून ठेवलेली सुई आणि दिवसभर सगळा वॉर्ड तिच्यातूनच ओढतोय, हे दृश्य दिसलं तर बाकी प्रकल्प बाजूला ठेवून आधी ते थांबवा. १० मिलीची अँप्यूल, एक पेशंट, एक वेळ. तसंच मऊ, दबणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीला हवेसाठी वरून सुई टोचायची गरज नसते. ती सुई म्हणजे जंतूंना उघडं दार.

शेवटचं: आपल्या सुयांवर जो रंगीत झाकणाचा वरचा पोर्ट असतो, तो नीट पुसताच येत नाही. इंजेक्शनं तिथून न देता छोटी जोडनळी आणि सुईविना उघडणारा कनेक्टर वापरा, आणि दर वेळी कनेक्टरचं तोंड अल्कोहोलने १५ सेकंद घासून वाळू द्या.

निवासी_मेडिसिन

सगळ्यांशी सहमत, पण खरी खाण दुसरीकडे आहे. सर्वांत सुरक्षित सुई म्हणजे न लावलेली किंवा काढून टाकलेली. पेशंट कडक भाकरी-शेंगाचटणी खातोय आणि शेजारी पॅन्टोप्राझोल, ऑन्डॅनसेट्रॉन, पॅरासिटॅमॉल तिन्ही शिरेतून चालू. राउंडला कुणी बदलत नाही, 'असू दे, लागलीच तर' म्हणून सुई राहते.

व्याख्या लेखी करा: मागच्या २४ तासांत शिरेतून काही दिलेलं नाही आणि पुढेही लिहिलेलं नाही, तर ती रिकामी सुई. ती काढायचा अधिकार सिस्टरला कायमस्वरूपी आदेशाने द्या, डॉक्टरची वाट बघायला नको. अपवादांची यादी छोटी ठेवा: २४ तासांतलं छातीचं दुखणं, झटके, उलटी-शौचातून रक्त, धोक्याची लक्षणं असलेला डेंग्यू, ऑपरेशननंतरचा पहिला दिवस. ज्यांना शिरेतूनच औषध चालू आहे त्यांच्यासाठी राउंडला एकच प्रश्न: तोंडाने घेतोय, उलटी नाही, २४ तास ताप नाही, आजार असा नाही की ज्याला शिरेतलंच औषध लागतं? मग आज गोळी का नाही?

क्वालिटी_सोलापूर

भराभर नोंदी करून घेतेय. ७२ तास खोडले. दोन शंका. पहिली, आमचे काही कन्सल्टंट 'माझ्या पेशंटची सुई मला न विचारता काढायची नाही' म्हणणार, हे आत्ताच दिसतंय. दुसरी, सूज ठरवायची कुणी? एका सिस्टरला लाल दिसतं, दुसरीला नाही.

आकडेमोड

कन्सल्टंटसाठी तोलमापक लावा: काढलेल्या रिकाम्या सुयांपैकी किती जणांना २४ तासांत पुन्हा टोचावं लागलं. हा आकडा दर आठवड्याला त्यांच्यासमोर ठेवा. कमी राहिला तर वाद संपतो, वाढला तर त्यांचं म्हणणं बरोबर आणि अपवादांची यादी बदला. आधी एका वॉर्डात, ज्यांची तयारी आहे अशा एकाच युनिटच्या चार-पाच खाटांवर, एका पाळीपुरतं करून बघा. मग पूर्ण दिवस, मग युनिट. एकदम परिपत्रक काढलंत की ते फायलीत जाऊन बसतं.

सिस्टर_सात_रस्ता

सूज ठरवायला व्हीआयपी स्कोअर वापरा, म्हणजे शिरेची सूज बघून द्यायचे गुण, ० ते ५. हलकं दुखणं किंवा हलकी लाली यातलं एकच असेल तर १, नुसतं लक्ष ठेवा. दुखणं, लाली, सूज यातली दोन दिसली की २, आणि २ ला सुई काढायचीच. दुखणं शिरेच्या वाटेने, लाली आणि जागा कडक झालेली असेल तर ३. शीर दोरीसारखी हाताला लागली तर ४. वर ताप असेल तर ५.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, हे पुस्तकात कुणी लिहीत नाही. म्हणून दोन्ही हात शेजारी ठेवून उष्णता बघा, बोटाने शिरेच्या वाटेने वर जा, पेशंटच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. रात्रपाळीला ट्रेमध्ये टॉर्च हवाच. सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे पाळी बदलताना, खाटेशेजारी, जाणारी आणि येणारी दोघींनी मिळून. आणि नातेवाइकांना सांगा, पण फक्त मराठीत नको. पूर्व भागातले तेलुगू घरचे, अक्कलकोट-इंडीकडचे कन्नड, उर्दू बोलणारे, सगळे एकाच वॉर्डात असतात. चित्राचं कार्ड करा: दुखतंय, लाल झालंय, फुगलंय, ओलं झालंय, यातलं काही दिसलं की बेल.

आकडेमोड

ताईंना पुस्ती. सुरुवातीला २५-३० जागा दोघींनी एकमेकींना न सांगता स्वतंत्रपणे पाहून गुण द्यायचे आणि 'कप्पा' (kappa), म्हणजे दोघींचे गुण किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढायचा. ०.६ च्या खाली आला तर मोजणीच सुरू करू नका, व्याख्या पुन्हा समजावून घ्या. आणि सूज सुई काढल्यावरही ४८ तासांपर्यंत येऊ शकते. घरी गेलेल्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक फोन हवा, नाहीतर लवकर डिस्चार्ज देणारा वॉर्ड फुकटचा चांगला ठरतो.

प्रबंध_मार्गदर्शक

प्रबंधाबद्दल. वॉर्ड सुधारणं आणि संशोधन या दोन फायली पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे सिनॉप्सिस जायच्या आधी संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी लागेल. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या सूचनांत सूट, जलद आणि पूर्ण आढावा असे तीन मार्ग आहेत. कुठला लागू पडतो ते समिती ठरवेल, विद्यार्थी नाही. आधी सगळा डेटा गोळा करून मग मंजुरी मागायला जाऊ नका.

लिहिताना स्क्वायर २.० हा आराखडा घ्या, सुधारणा-प्रकल्पांसाठीच तो आहे. त्यात तुम्ही काय बदललं एवढंच नाही, तर का चालेल असं वाटलं, मध्येच काय बदलावं लागलं, हेही लिहावं लागतं. तपासयादीवर विसंबणाऱ्यांनी उत्तर प्रदेशातली बेटरबर्थ चाचणी वाचावी, २०१७ ची. १२० केंद्रं, प्रसूतीची तपासयादी, सोबत प्रशिक्षक. चांगल्या पद्धती पाळण्याचं प्रमाण वाढलं, माता-बाळांचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. त्यामुळे प्रबंधात 'तक्ता किती टक्के भरला' हा मुख्य निष्कर्ष ठेवाल तर परीक्षक पहिलाच प्रश्न तिथे विचारेल. तसंही पाळीच्या शेवटी एकाच शाईत, एकाच हाताने भरलेले सगळे रकाने वॉर्डात सगळ्यांना ओळखू येतात.

आणि कृपा करून हे आकडे सिस्टरच्या पगाराशी किंवा मेमोशी जोडू नका. जोडलेत की दुसऱ्या आठवड्यापासून सगळीकडे स्कोअर १.

शंकासुर

बरं, मानलं. आता एक खोडसाळ प्रश्न: जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला निम्मा स्टाफ रजेवर, आषाढीला पंढरपूरची गर्दी. त्या आठवड्यांचे बिंदू गाळायचे का?

आकडेमोड

गाळायचे नाहीत. बिंदू तिथेच ठेवायचा, वर बाण काढून 'गड्डा, पाळीला एक सिस्टर कमी' असं लिहायचं. नवीन ड्रेसिंग सुरू झालं, पारा ४२ वर गेला, कनेक्टर संपले, हेसुद्धा त्याच आलेखावर. खाली मात्र त्या आठवड्यात पाळीला किती सिस्टर आणि किती पेशंट ही एक ओळ वाढवा.

क्वालिटी_सोलापूर

ती ओळ वाढवली. प्रत्येक सुईच्या नोंदीचे रकाने सध्या असे: लावल्याची तारीख-वेळ, आतली की बाहेरची, नंबर, जागा, कितव्या प्रयत्नात, दर पाळीचा स्कोअर, काढल्याची वेळ, काढण्याचं कारण, २४ तासांत पुन्हा लागली का, ४८ तासांनंतरचा फोन. काही राहिलं?

औषधी_कट्टा

त्या सुईतून गेलेली औषधं. सगळी नकोत, पाचच लिहा: पोटॅशियम, व्हँकोमायसिन, फेनिटॉइन, मॅनिटॉल, अमिओडॅरोन. शेजारी हो-नाहीचा चौकोन. आणि काढण्याच्या कारणात 'निकामी' असं मोघम ठेवू नका; बंद पडली, बाहेर पाझरली, सुजली, निघून आली, गरज संपली असे वेगळे करा. बंद पडलेल्या जास्त निघाल्या तर फ्लशकडे बघा, निघून आलेल्या जास्त असतील तर चिकटवण्याकडे.

सिस्टर_सात_रस्ता

आणि हे सगळं एका पानाच्या एकाच बाजूला बसवा ताई. पाठीमागची बाजू रात्रपाळीला कुणी उलटत नाही.